सोरायसिसचे मलम: कुठे, किती आणि कधीपर्यंत

दिवाळी उलटली की दिल्लीची हवा गार आणि कोरडी होत जाते, आणि शहरातल्या त्वचारोग विभागांसमोरच्या रांगेत सोरायसिसचे रुग्ण जास्त दिसू लागतात. कोपर, गुडघे, कंबर, डोके. लालसर, जाडसर चट्टे आणि त्यांवर रुपेरी पापुद्रे. पावसाळ्यात जरा दबलेला आजार थंडीत पुन्हा डोके वर काढतो. यातले पुष्कळ जण तज्ज्ञापर्यंत पोचण्याआधी घराजवळच्या केमिस्टकडे जाऊन आलेले असतात. ‘भैया, वही वाली ट्यूब देना’ एवढे म्हटले की काम होते. त्या ट्यूबमध्ये काय आहे, ते किती तीव्र आहे, किती लावायचे आणि कधी थांबवायचे, यांतले काहीही देणाऱ्याने सांगितलेले नसते आणि घेणाऱ्याने विचारलेले नसते.

दिल्लीतल्या मराठी माणसांपुरते बोलायचे तर दोन वर्ग चटकन डोळ्यांपुढे येतात. एक, राजेंद्र नगर आणि मुखर्जी नगरच्या खोल्यांत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले. घरापासून दूर, अपुरी झोप, डोक्यावर परीक्षेचा ताण, आणि ओपीडीत अर्धा दिवस घालवण्याची तयारी नाही. दुसरा, करोल बागेच्या आसपास सोने-चांदी गाळणारे गलाई कारागीर. विटा, खानापूर, आटपाडी भागातून पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरलेली ही माणसे दिवसभर भट्टीची धग आणि आम्ल यांच्याजवळ काम करतात. सोरायसिस असलेल्या माणसाच्या कातडीला जिथे इजा होते, घासते किंवा भाजते, तिथे नवा चट्टा उठू शकतो. तळहातावर आजार असलेल्या कारागिराला मलम तर लागतेच, शिवाय कामाच्या वेळी हात वाचवण्याची सोयही लागते. दोघांच्याही खिशात मात्र बहुधा एकच गोष्ट सापडते: कुणीतरी सांगितलेली एक ट्यूब.

सोरायसिस हा संसर्गाचा आजार नाही. तो रक्त ‘खराब’ झाल्याने होत नाही, अस्वच्छतेने होत नाही, शिवल्याने पसरत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकीच्या दिशेने चेतवली जाते आणि त्वचेच्या पेशींची वाढ भलतीच वेगाने होऊ लागते. ज्या पेशीला तळापासून पृष्ठभागावर यायला एरवी चार आठवडे लागतात, ती तीन ते पाच दिवसांत वर येते. अपक्व पेशींचे थर साचतात, तेच पापुद्रे. भारतातल्या वेगवेगळ्या पाहण्यांत, ज्यांतल्या बहुतेक रुग्णालयांतल्या आहेत, याचे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के आढळले आहे. २०११ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या १ कोटी ६७ लाखांवर होती. सर्वांत खालचा आकडा धरला तरी एकट्या दिल्लीत सत्तर हजारांवर माणसे होतात. नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरिदाबाद वेगळेच. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या महासभेने सोरायसिसवर स्वतंत्र ठराव केला आणि २०१६ मध्ये संघटनेने जागतिक अहवाल काढला. हा आजार आयुष्यभर सोबत राहतो, कमी-जास्त होत राहतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो सौम्य ते मध्यम असल्याने मलमावरच आटोक्यात ठेवता येतो. म्हणूनच मलम नीट वापरण्याचा प्रश्न औषधाच्या शोधाइतकाच महत्त्वाचा आहे, असे मी मानतो.

या मलमांच्या इतिहासात आपल्या किनाऱ्याचे एक पान आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि गोव्याच्या बाजारात ‘गोवा पावडर’ नावाची पिवळट-तपकिरी भुकटी नायट्यावर लावायला मिळायची. ती मूळची गोव्याची नव्हतीच. ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडात साचणारा तो पदार्थ पोर्तुगीज व्यापारातून गोव्यात उतरत असे आणि इथल्या बंदराचे नाव घेऊन जगभर जाई. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांनी तिच्यातल्या द्रव्याचे मलम सोरायसिसवर वापरले आणि १८७८ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले. ते द्रव्य पुढे क्रायसारोबिन म्हणून ओळखले गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, जर्मनीत त्याला पर्याय म्हणून डायथ्रॅनॉल तयार झाले. ते आजही वापरात आहे. चट्टे चांगले उतरवते, पण निरोगी कातडीला लागले तर जळजळ होते, कपडे आणि फरशीवर जांभळट डाग पडतात. म्हणून ते फक्त चट्ट्यावर, थोड्या मिनिटांसाठी लावून धुऊन टाकायचे असते. परिणामकारक मलम आणि त्रासदायक मलम ही जोडी तेव्हापासून चालत आली आहे. मात्रा आणि वेळ पाळणे हा सोरायसिसच्या उपचाराचा भाग दीडशे वर्षांपूर्वीही होता.

१९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून गुण येतो हे दाखवले आणि चित्र पालटले. वास नाही, डाग नाहीत, आग होत नाही, आणि लालीही काही दिवसांत उतरते. पुढच्या दोन-अडीच दशकांत त्याहून कितीतरी तीव्र स्टिरॉइड आली. त्यांतले सर्वांत तीव्र मानले जाणारे क्लोबेटासॉल सत्तरच्या दशकातले. सोरायसिसच्या रुग्णाला ते वरदान वाटावे यात नवल नाही. जाड चट्टा आठवड्या-दोन आठवड्यांत सपाट होतो, खाज थांबते, माणूस पुन्हा अर्ध्या बाह्यांचा सदरा घालू लागतो. अडचण इथूनच सुरू होते, कारण इतका चटकन गुण देणारे औषध थांबवायला कुणाचे मन तयार होत नाही.

सगळी स्टिरॉइड एकाच तीव्रतेची नसतात, हे समजले की निम्मा घोळ मिटतो. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य. मोमेटासोन मध्यम ते तीव्र. बीटामेथासोन तीव्रतेच्या वरच्या टोकाकडे झुकते; त्याच्या कोणत्या रूपाचे मलम आहे यावरही फरक पडतो. क्लोबेटासॉल आणि हॅलोबेटासॉल अतितीव्र. ट्यूबवर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असते आणि ही खरी नावे बारीक अक्षरांत, पण वाचायची ती हीच. तळवे, तळपाय, कोपर, गुडघे इथली कातडी जाड. तिथे तीव्र मलम लागते आणि चालते. चेहरा, मान, काखा, जांघा, स्तनांखालची घडी, जननेंद्रिय इथली कातडी पातळ. औषध तिथे झिरपून कितीतरी जास्त आत जाते. कोपरासाठी लिहून दिलेले क्लोबेटासॉल ‘तेच तर आहे’ म्हणून जांघेत लावले तर काही आठवड्यांत तिथे जांभळट ओरखड्यांसारखे पट्टे उमटतात आणि ते पुढे फिकट झाले तरी आयुष्यभर जात नाहीत. चेहऱ्यावर लावले तर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येते, मलम बंद केले की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो. पापण्यांभोवती दीर्घकाळ लावले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. पातळ कातडीच्या जागी तज्ज्ञ बहुधा सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस देतात किंवा टॅक्रोलिमसचे मलम देतात. टॅक्रोलिमस स्टिरॉइड नाही, त्याने कातडी पातळ होत नाही. पहिले काही दिवस थोडी आग होते, मग बहुतेकांना सवय होते.

मग किती लावायचे? इथे चिठ्ठीवर बहुधा ‘दिवसातून दोनदा’ एवढेच असते, आणि सगळा गोंधळ त्या कोऱ्या राहिलेल्या जागेतून होतो. कुणी भीतीने मोहरीएवढे मलम बोटाने फिरवतो, मग गुण येत नाही आणि औषधच निकामी ठरवले जाते. कुणी पोळीला तूप लावावे तसे लावतो. १९९१ मध्ये लाँग आणि फिनले यांनी यासाठी एक साधे माप सुचवले आणि ते जगभर रुजले. नेहमीच्या पाच मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून मलम तर्जनीवर पिळायचे, टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेषेपर्यंत. प्रौढ माणसाच्या बोटावर हे पेरभर मलम साधारण अर्धा ग्रॅम भरते. बोटे जोडून ठेवलेल्या दोन तळहातांएवढी जागा त्यात झाकली जाते. संपूर्ण हाताला, पंजा सोडून, तीन पेरे, पंजाला एक, पायाला सहा आणि पावलाला दोन, छाती-पोटाला सात, पाठीला सात. हे आकडे अख्खा भाग व्यापला असेल तर. चट्टा जेवढा तेवढेच मोजायचे.

हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. एखाद्याच्या दोन्ही कोपरांवर आणि दोन्ही गुडघ्यांवर प्रत्येकी स्वतःच्या तळहाताएवढा चट्टा आहे. चार तळहात म्हणजे दोन पेरे, म्हणजे एका वेळेला एक ग्रॅम. दिवसातून एकदा लावले तर दोन आठवड्यांना १४ ग्रॅम, दोनदा लावले तर २८. म्हणजे ३० ग्रॅमची एक ट्यूब त्याला पूर्ण दोन आठवडे पुरली पाहिजे. ती चार दिवसांत संपत असेल तर तो गरजेपेक्षा फार जास्त लावतो आहे, किंवा चट्टे सांगतो त्याहून कितीतरी जास्त पसरले आहेत; दोन्ही गोष्टी डॉक्टरांना कळायला हव्यात. आणि तीच ट्यूब तीन महिने चालत असेल तर तो पुरेसे लावतच नाही. क्लोबेटासॉलसारख्या अतितीव्र मलमासाठी त्याच्या माहितीपत्रकात सहसा दोन मर्यादा दिलेल्या असतात: आठवड्याला ५० ग्रॅमहून जास्त नाही, आणि सलग दोन आठवड्यांहून जास्त नाही. त्यापलीकडे औषध कातडीतून रक्तात शिरून शरीराची स्वतःची स्टिरॉइड तयार करणारी ग्रंथी झोपवू शकते. चेहरा सुजल्यासारखा गोल होणे, वजन वाढणे, रक्तातली साखर चढणे, सतत थकवा, ही मलमामुळेही होऊ शकणारी लक्षणे आहेत हे फार थोड्या रुग्णांना माहीत असते. वरून प्लास्टिक गुंडाळले तर औषधाचे शोषण कित्येक पटींनी वाढते. बाळाचा डायपर तेच काम करतो, म्हणून लंगोटाच्या जागी तीव्र मलम कधीच स्वतःच्या मनाने लावू नये. मलम लावून झाले की हात धुवायचे. नाहीतर तेच बोट डोळ्याला लागते किंवा कडेवरच्या मुलाच्या गालाला.

थांबवणे हा वेगळाच धडा आहे. महिनोन्‌महिने मोठ्या भागावर अतितीव्र स्टिरॉइड लावले आणि एक दिवस अचानक सोडले, तर आजार पूर्वीपेक्षा जोरात उसळू शकतो. क्वचित अंगभर बारीक, पू भरलेल्या फोडांची लाट येते, किंवा सगळी कातडी लालबुंद होऊन सोलवटते. ताप, थंडी, अंगातले पाणी कमी होणे. ही अवस्था जिवावर बेतू शकते आणि तेव्हा जागा ओपीडीतली नाही, आपत्कालीन विभागातली आहे. स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने घेऊन सोडल्यावर तर हा धोका अधिकच. ‘लवकर बरे व्हायला एक सुई’ देणारे सोरायसिसच्या रुग्णाला मोठ्या संकटात ढकलतात, हे मला स्पष्ट लिहायचे आहे. मलम थांबवण्याची रीत अशी असते: चट्टा सपाट झाला, पापुद्रे गेले की रोजचे लावणे एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, आणि पुढे स्टिरॉइड नसलेल्या औषधावर. चट्ट्याच्या जागी उरलेला पांढुरका किंवा काळपट डाग म्हणजे आजार नव्हे. तो घालवायला मलम चालू ठेवणारे अनेक जण असतात आणि नुकसान बहुधा याच काळात होते.

स्टिरॉइडला सोबत किंवा पर्याय देणारी मलमे आहेत, ती थोडक्यात सांगतो. कॅल्सिपोट्रिऑल हे ड जीवनसत्त्वाच्या घराण्यातले. हळू काम करते, पण कातडी पातळ करत नाही. प्रौढांनी आठवड्याला १०० ग्रॅमची मर्यादा पाळायची, कारण त्यापुढे रक्तातले कॅल्शियम वाढू शकते. ते सॅलिसिलिक आम्लाबरोबर एकाच वेळी लावले तर निकामी होते, आणि प्रकाशोपचार चालू असेल तर प्रकाश घेऊन झाल्यावर लावायचे. बीटामेथासोनबरोबरची त्याची जोडी आज जगभर पहिल्या फळीत आहे. सॅलिसिलिक आम्ल जाड पापुद्रे सैल करते. पण ते मोठ्या भागावर, विशेषतः लहान मुलांना, लावायचे नाही, कारण ते रक्तात शिरून विषबाधा करू शकते. डांबराची मलमे जुनी, वासाची, कपडे डागाळणारी, पण स्वस्त आणि उपयोगी. ती लावून उन्हात जाऊ नये. टॅझारोटीन गरोदरपणात निषिद्ध. अमेरिकेत २०२२ मध्ये टॅपिनारोफ आणि रोफ्लुमिलास्ट या दोन स्टिरॉइडविरहित मलमांना मान्यता मिळाली; ही दिशा आशादायक आहे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ, म्हणजे ही मलमे आपल्या हाती कशी पडतात याकडे. औषध नियमांच्या ‘एच’ अनुसूचीतली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. स्टिरॉइड त्या यादीत होतीच, पण बाहेरून लावायच्या औषधांना तिथे सूट होती आणि त्या फटीतून क्लोबेटासॉलसुद्धा मोकळेपणी विकले जात राहिले. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध स्वतंत्र कृतिगट उभा करून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. देशातल्या १२ केंद्रांवर केलेली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची पाहणी डोळे उघडणारी होती. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या सुमारे ६० टक्के लोकांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवले होते. ती पाहणी सोरायसिसची नव्हती, पण दुकानाच्या फळीवरचा तोच डबा आणि तोच सल्ला सोरायसिसच्या रुग्णालाही मिळत होता. अखेर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून १४ स्टिरॉइड मलमे ‘एच’ अनुसूचीत स्पष्टपणे आणली.

त्याच काळात दुसरा लढा मिश्रणांचा चालला होता. स्टिरॉइड, बुरशीविरोधी औषध, प्रतिजैविक, कधी दोन-दोन प्रतिजैविके, सगळे एकाच ट्यूबमध्ये. देणाऱ्याला निदान करावे लागत नाही, कोणतेही पुरळ असो, काहीतरी लागू पडेलच हा हिशेब. मार्च २०१६ मध्ये सरकारने ३४४ अशास्त्रीय मिश्रणांवर बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथून औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे आले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी आली. त्यांत त्वचेची काही लोकप्रिय मलमेही होती. तरीही या जातीची इतर मिश्रणे बाजारातून गेलेली नाहीत. सोरायसिसच्या रुग्णाला अशा ट्यूबमधल्या प्रतिजैविकाचा काहीच उपयोग नसतो; मिळते ते फक्त मोजमाप नसलेले स्टिरॉइड. आणि नायट्याला सोरायसिस समजून ती लावली, तर नायटा आपले रूप बदलून लपतो, पसरतो आणि बरा व्हायला महिने घेतो. दिल्लीच्या दमट जुलै-ऑगस्टमध्ये जांघेत असे प्रकार फार होतात.

कायद्याने चिठ्ठी सक्तीची केली आणि तरी केमिस्ट चिठ्ठी मागत नाही, याला फक्त केमिस्ट जबाबदार नाही. चांदणी चौकातल्या भगीरथ पॅलेसच्या घाऊक बाजारातून निघालेली ट्यूब गल्लीतल्या दुकानात पोचेपर्यंत तिच्यावर कुणाचीही नजर नसते. औषध निरीक्षक थोडे, दुकाने असंख्य. पण मला सर्वांत जास्त खटकते ते डॉक्टरांच्या चिठ्ठीतले अर्धवटपण. जागा, मात्रा आणि शेवटची तारीख न लिहिता दिलेली चिठ्ठी पुढच्या दहा वर्षांच्या दुकानदारीचा परवाना ठरते. रुग्ण तीच जपून ठेवतो, फोटो काढून गावी भावाला पाठवतो, आणि सांगलीच्या एखाद्या गावात दिल्लीची ट्यूब भलत्याच पुरळावर लागते.

जडीबुटीच्या मलमांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. खोबरेल तेल, साधे व्हॅसलिन, कोरफडीचा गर यांनी कातडी मऊ राहते, त्यांचा कुणी धसका घेऊ नये. लिंबू, लसूण, व्हिनेगर किंवा झोंबणारा कोणताही लेप मात्र चट्ट्यावर लावू नये. कातडी भाजली की त्याच जागी नवा चट्टा उठतो. आणि ज्या डबीवर घटकांची नावे, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पत्ता नाही पण आठ दिवसांत जादूसारखा गुण येतो, तिच्यात स्टिरॉइड मिसळले असण्याची शंका घ्यायलाच हवी. १९९९ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या ११ मलमांची तपासणी केली, तेव्हा ८ मलमांत डेक्सामेथासोन निघाले होते. ‘मुळापासून कायमचा बरा’ हे आश्वासन सोरायसिसमध्ये आजच्या घडीला कुणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही, मग तो कोणत्याही पॅथीचा असो.

दिल्लीच्या हिवाळ्यात स्टिरॉइडइतकेच महत्त्व साध्या स्निग्ध मलमाला आहे, आणि ते सर्वांत कमी वापरले जाते. कडकडीत गरम पाण्याची अंघोळ, खोलीतला हीटर, लोकरीचे थेट अंगाला लागणारे कपडे आणि बोअरवेलचे जड पाणी, यांनी कातडी आणखी कोरडी पडते. अंघोळ कोमट आणि थोडक्यात करावी, अंग टिपून घेऊन दोन-तीन मिनिटांत स्निग्ध मलम लावावे, औषधी मलम आणि हे यांत साधारण अर्धा तास जाऊ द्यावा. हे मात्र पेरभर मोजून लावायचे नाही. आजार अंगभर असेल तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागू शकते, म्हणून महागड्या बाटलीपेक्षा साधा मोठा डबा बरा. पापुद्रे नखाने किंवा घासणीने कधीच काढू नयेत. एक सूचना मात्र थंडीत जिवाची आहे. पॅराफिनयुक्त मलमे कपड्यांत, चादरीत, रजईत मुरतात, आणि असे कापड ठिणगी लागताच भडकते. धुऊनही ते पूर्ण निघत नाही. मलम लावलेल्या अंगाने शेगडीजवळ, शेकोटीजवळ बसणे, बिडी-सिगारेट ओढणे, गॅससमोर लोंबत्या बाहीने उभे राहणे टाळलेच पाहिजे. ब्रिटनमध्ये अशा आगींत माणसे दगावली आहेत आणि तिथल्या औषध नियंत्रकांनी त्यावर जाहीर इशारे दिले आहेत. आपल्याकडे डब्यांवर हा इशारा ठळकपणे यायला हवा.

मलम कधी अपुरे पडते, हेही ओळखता आले पाहिजे. शरीराचा साधारण दहावा भाग व्यापला असेल. तळवे-तळपाय भेगाळून काम आणि चालणे अवघड झाले असेल. नखे खराब होत असतील. सकाळी उठल्यावर बोटांचे किंवा टाचेचे सांधे आखडत, सुजत असतील. तर मलमांचा डोंगर उभा करून उपयोग नाही. सोरायसिसच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के लोकांना सांध्यांचा आजार होऊ शकतो आणि तो वेळेत धरला नाही तर सांधे कायमचे वाकडे होतात. प्रकाशोपचार, मेथोट्रेक्सेट, अप्रेमिलास्ट, जैविक इंजेक्शने असा उपचारांचा पुढचा टप्पा आता उपलब्ध आहे. त्यांतले मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; रोज घेतल्याने माणसे मेली आहेत. दिल्लीत एम्स, त्याच्या समोरचे सफदरजंग, राममनोहर लोहिया, लोकनायक, दिलशाद गार्डनचे गुरू तेग बहादूर, या सर्व सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. रांग मोठी असते, अर्धा दिवस जातो. पण दर महिन्याला दुकानातून चार ट्यूब घेण्यापेक्षा ते स्वस्त पडते. मेथोट्रेक्सेट असो वा साधे स्टिरॉइड मलम, जेनेरिक नावाने जनऔषधी केंद्रावर विचारले तर खर्च बराच उतरतो. रक्तदाबाची, मानसिक आजाराची किंवा मलेरियाची औषधे चालू असतील तर तेही सांगावे, कारण बीटा ब्लॉकर, लिथियम आणि क्लोरोक्वीन यांनी सोरायसिस चाळवू शकतो. घसा दुखून ताप आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबाएवढे चट्टे उठले, तर तेही सांगण्याजोगे.

स्टिरॉइड या शब्दानेच हबकून मलम फेकून देणारे रुग्णही मी कमी पाहिलेले नाहीत, आणि त्यांचेही नुकसान होते. खाजवून रक्त काढत, लांब बाह्यांत लपून, लग्नकार्ये टाळत वर्षे काढणे याला सावधगिरी म्हणता येत नाही. योग्य जागी, पेरांनी मोजून, ठरलेल्या दिवसांपुरते लावलेले स्टिरॉइड मलम सोरायसिसवरचे आजही सर्वांत भरवशाचे औषध आहे.

त्वचारोगतज्ज्ञांना विनंती आहे की चिठ्ठीवर तीन गोष्टी रुग्णाच्या भाषेत लिहाव्यात: कोणत्या जागेवर, किती पेरे, कोणत्या तारखेपर्यंत. रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना सांगणे एवढेच की ओपीडीला जाताना आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून घेऊन जा. मलमाचे नाव आठवून सांगू नका, ट्यूब टेबलावर ठेवा. आणि चिठ्ठी हातात पडली की उठण्याआधी विचारा: हे मी कोणत्या दिवशी बंद करायचे?